असेंब्लीसाठी एडिटर: आधी असेंब्लर ठरवा

मायक्रोप्रोसेसरचा विषय सुरू झाला की असेंब्लीसाठी कोणता एडिटर चांगला, असा प्रश्न दरवर्षी नव्यानं विचारला जातो. उत्तरंही लगेच मिळतात. कुणी विम सांगतं, कुणी व्हीएस कोड, विंडोजवर वाढलेली मंडळी नोटपॅड प्लस प्लसचं नाव घेतात. पण आपण कोणता असेंब्लर वापरणार हे विचारणाऱ्यानं सांगितलेलं नसतं आणि उत्तर देणाऱ्यानंही ते विचारलेलं नसतं. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. पायथन शिकणाऱ्यानं एडिटर बदलला किंवा विंडोज सोडून लिनक्स धरलं, तरी भाषा तीच राहते. असेंब्लीत प्रोसेसर बदलला की भाषा बदलते, आणि प्रोसेसर तोच ठेवून असेंब्लर बदलला तरीही बदलते. तेव्हा आधी असेंब्लर, मग डीबगर आणि त्यानंतर एडिटर, असा क्रम धरून हा आढावा घेतो आहे.

इंटेलच्या एक्स८६ घराण्यापुरतंच पाहिलं तरी पसारा लहान नाही. मायक्रोसॉफ्टचा मासम १९८१ पासूनचा आहे आणि आज तो विंडोजशी बांधलेला आहे. बोरलँडचा टासम डॉसच्या काळातला. सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी १९९६ मध्ये आणलेला नॅसम विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो. तोमाश ग्रिश्तार यांचा फॅसम स्वतःच स्वतःला असेंबल करतो. जीसीसीच्या मागे राबतो तो ग्नू असेंब्लर, म्हणजे गॅस. पहिले चौघे इंटेलच्या वळणानं लिहितात: किंमत कुठे ठेवायची ते आधी, काय ठेवायचं ते नंतर. गॅस एक्स८६ वर मुळात एटी अँड टीच्या वळणाचा. तिथे क्रम उलटा, रजिस्टरच्या आधी टक्क्याचं चिन्ह आणि स्थिर आकड्याच्या आधी डॉलरचं. एका ओळीच्या निर्देशानं गॅसला इंटेलचं वळण स्वीकारायला लावता येतं, पण त्याची डेटा मांडण्याची आणि मॅक्रोची पद्धत तरीही त्याचीच राहते.

एडिटरला या सगळ्याचा पहिला फटका बसतो तो टिप्पणीच्या चिन्हापाशी. नॅसम, मासम आणि फॅसममध्ये टिप्पणी अर्धविरामानं सुरू होते. एक्स८६ वरच्या गॅसमध्ये ती हॅशनं सुरू होते आणि अर्धविराम हा दोन सूचना एका ओळीत लिहिण्यासाठीचा विभाजक असतो. म्हणजे नॅसमच्या सवयीनं अर्धविरामापुढे लिहिलेलं वाक्य गॅस सूचना समजून वाचू लागतो. ३२ बिटी आर्मवर गॅसचं टिप्पणीचं चिन्ह ॲट असतं, ६४ बिटी आर्मवर दोन तिरप्या रेघा. ॲपलच्या असेंब्लरमध्ये, त्याच ६४ बिटी आर्मवर, अर्धविराम पुन्हा टिप्पणीचं चिन्ह होतो. चिप एकाच घराण्याची, सूचना त्याच, पण लिनक्सवर एक अर्थ आणि मॅकवर दुसरा. फाइलचं नाव डॉट एएसएम किंवा डॉट एस असं पाहून एडिटर अंदाज बांधतो, आणि हे नाव चार-पाच वेगळ्या बोलींना सामाईक असल्यामुळे तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. मग अर्धं पान टिप्पणीच्या रंगात बुडतं, किंवा टिप्पणी घालण्याच्या शॉर्टकटनं भलतंच चिन्ह उमटतं. विद्यार्थी एडिटरला नावं ठेवतो आणि दुसरा उतरवून घेतो, तिथेही तेच होतं.

असेंब्लीसाठी एडिटरनं नेमकं काय करायला हवं? माझी अपेक्षा मोजकी आहे. बोली कोणती ते त्याला स्पष्ट सांगता यावं. लेबल, सूचना, ऑपरंड आणि टिप्पणी यांचे चार उभे रकाने त्यानं नीट राखावेत, कारण असेंब्लीत डोळा आडवा कमी आणि उभा जास्त फिरतो. लेबलवरून त्याच्या मूळ जागी उडी मारता यावी. असेंब्लरनं दाखवलेल्या चुकीवरून थेट त्या ओळीवर जाता यावं. आणि प्रोग्राम एकेक सूचना पुढे नेत असताना रजिस्टरं शेजारी दिसावीत. आपोआप शब्द पूर्ण करण्याची सोय, जिच्यावर इतर भाषांचे एडिटर आपली कीर्ती उभारतात, ती इथे फारशी कामाची नाही. तीन-चार अक्षरी सूचना टाइप करायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्या सूचनेनं फ्लॅग बदलले की नाही हे समजायला. त्यासाठी सूचनेवर कर्सर नेताच तिची माहिती दाखवणारी सोय खरोखर उपयोगी पडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सूचनांबद्दलही इथेच सांगतो. असेंब्ली शिकत असताना त्या बंद ठेवाव्यात. ही साधनं बोलींची सरमिसळ करतात, ३२ बिटी लिनक्सचे सिस्टीम कॉल क्रमांक ६४ बिटी प्रोग्राममध्ये घालतात, आणि तसा प्रोग्राम कधीकधी असेंबल होऊन चुपचाप भलतंच करतो. ३२ बिटी लिनक्सवर लिहिण्याच्या कॉलचा क्रमांक ४ आहे, ६४ बिटीवर १. नवशिक्याला ही चूक सापडणं अवघड.

आता एडिटरांकडे वळू. एकाच प्रणालीशी बांधलेले आधी उरकतो. विंडोजवर मासममध्ये खरं काम करायचं असेल, म्हणजे सी प्लस प्लसच्या प्रकल्पात असेंब्लीची एखादी फाइल जोडायची असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओला पर्याय शोधत बसू नये. मायक्रोसॉफ्टचा ६४ बिटी कंपायलर सीच्या आत असेंब्ली लिहूच देत नाही, त्यामुळे वेगळी फाइल करावी लागते, आणि प्रकल्पाच्या बिल्ड कस्टमायझेशनमध्ये मासमवर खूण केली की पुढचं सगळं तो सांभाळतो. त्याच्या रजिस्टर आणि डिसअसेंब्लीच्या खिडक्या फार चांगल्या आहेत. असेंब्लीची फाइल रंगवण्याच्या बाबतीत मात्र तो मुळात उदासीन, त्यासाठी एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. रॅडएएसएमसारखे खास असेंब्लीसाठी बनवलेले जुने एडिटर अजून वापरात आहेत आणि ३२ बिटी विंडोज प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना ते आवडतात, पण आज नव्यानं त्यात शिरावं असं मला वाटत नाही. नोटपॅड प्लस प्लस हलका आणि विश्वासू आहे, असेंब्ली रंगवतोही, पण तो फक्त विंडोजचा. ॲपलचा एक्सकोड ॲपलसाठीच काम करणाऱ्यांनी वापरावा.

महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांत अजूनही ८०८६ टासमवर, डॉसबॉक्सच्या खिडकीत शिकवला जातो. ६४ बिटी विंडोज १६ बिटी डॉस प्रोग्राम चालवत नाही, म्हणून डॉसबॉक्स. तिथे बहुतेक विद्यार्थी निळ्या पडद्याच्या जुन्या एडिटरमध्ये लिहितात, आणि ते गरजेचं नाही. डॉसबॉक्सला जोडलेलं फोल्डर बाहेरच्या कोणत्याही आधुनिक एडिटरमध्ये उघडून लिहा आणि असेंबल तेवढं आत करा. दोन गोष्टी पाळाव्या लागतात. फाइलचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं ठेवू नका. आणि बाहेर नवी फाइल तयार केल्यावर ती आत दिसली नाही तर कंट्रोल आणि एफ४ एकत्र दाबा, म्हणजे डॉसबॉक्स फोल्डर नव्यानं वाचतो. एवढं कळलं की प्रयोगशाळेतला बराच वेळ वाचतो.

नवशिक्यासाठी मुद्दाम उल्लेख करावा असा एडिटर म्हणजे सॅसम. तो विंडोज आणि लिनक्सवर चालतो. नॅसम, गॅस, फॅसम आणि मासम असे चार असेंब्लर त्याला माहीत आहेत, आणि जीडीबी हा डीबगर त्याच्या पोटातच बसवलेला आहे. प्रोग्राम लिहा, बटण दाबा, ओळ ओळ पुढे न्या, रजिस्टरं खालच्या तक्त्यात बघा. पहिल्या आठवड्यात लिंकर आणि ऑब्जेक्ट फाइलच्या पर्यायांशी झगडून विषयाचीच धास्ती घेणारी मुलं असतात; त्यांना सॅसम त्या झगड्यातून सोडवतो. त्याची मर्यादाही तीच. पडद्यामागे कोणती आज्ञा चालली हे कळत नाही, आणि असेंब्ली शिकणाऱ्याला ते कळायलाच हवं. म्हणून तो सुरुवातीला वापरून पुढे सोडून द्यावा.

खरी स्पर्धा आहे ती तिन्ही प्रणालींवर सारखं वागणाऱ्या एडिटरांमध्ये. त्यांत विमकडे मी सर्वांत जास्त आदरानं पाहतो. बिल जॉय यांच्या १९७६ च्या व्हीआयपासून निघालेली ही परंपरा. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांसमोर आणला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो जपला. नॅसम, मासम, टासम, फॅसम, मोटोरोलाचा ६८०००, अशा अनेक बोलींच्या व्याकरण-फाइल विमसोबतच येतात. डॉट एएसएम फाइल उघडली की तो ती ग्नूच्या बोलीत आहे असं धरतो आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. उपाय साधा आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये एएसएमसिंटॅक्स या चलाला नॅसम अशी किंमत द्यायची, किंवा प्रोग्रामच्या पहिल्या पाच ओळींत टिप्पणीत तसं लिहायचं. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर गेली तरी तिची बोली तिच्यासोबत जाते.

विममध्ये मेक चालवलं की असेंब्लरच्या चुका यादीत येतात आणि एका आज्ञेनं त्या त्या ओळीवर जाता येतं. नॅसम आपल्या चुका डीफॉल्टनं ग्नूच्या धर्तीवर छापतो, त्यामुळे विमला वेगळं काही शिकवावं लागत नाही. युनिव्हर्सल सीटॅग्ज बसवलं की लेबलवर उडी मारता येते. विमच्या ८.१ आवृत्तीपासून टर्मडीबग हे प्लगिन सोबतच येतं. त्यात जीडीबी, प्रोग्राम आणि स्रोत तीन खिडक्यांत दिसतात आणि डिसअसेंब्ली चौथ्या खिडकीत उघडता येते. शिवाय रास्पबेरी पाय असो की दूरचा सर्व्हर, एसएसएचनं आत शिरलं की विम बहुधा तिथे आधीच हजर असतो. एक सावधगिरी: डेबियन आणि उबंटूवर सुरुवातीला असतो तो विमचा छोटा अवतार, त्यात रंगच नाहीत. पूर्ण विम बसवून घ्या. शिकायला तो वेळ मागतो हे खरं, आणि परीक्षा तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला मी विम सुचवणार नाही. पण फर्मवेअर, कर्नल किंवा सुरक्षा संशोधनात पुढे जाणाऱ्यानं तो आज ना उद्या शिकावा असं मी आग्रहानं म्हणेन.

ईमॅक्सकडे असेंब्लीचा स्वतःचा मोड आहे. लेबलानंतर विसर्गचिन्ह टाइप केलं की ओळ आपोआप योग्य रकान्यात सरकते, आणि अर्धविराम दाबला की टिप्पणी तिच्या ठरलेल्या रकान्यात जाते. मात्र टिप्पणीचं चिन्ह अर्धविरामच आहे असं हा मोड गृहीत धरतो. गॅसमध्ये काम करायचं तर ते चिन्ह सेटिंगमध्ये बदलावं लागतं, नाहीतर मदत करायला आलेली सोयच त्रास देते. जीडीबीशी ईमॅक्सचं नातं विमपेक्षा जुनं आणि घट्ट आहे. रजिस्टरं, स्टॅक, ब्रेकपॉइंट सगळं स्वतंत्र खिडक्यांत मांडता येतं. ज्यांचा हात ईमॅक्सवर बसलेला आहे त्यांनी असेंब्लीसाठी दुसरीकडे जाऊ नये. नव्या माणसाला केवळ असेंब्लीसाठी ईमॅक्स शिकायला सांगणं मात्र योग्य नाही.

आज सर्वाधिक हातांत आहे तो व्हीएस कोड. २०१५ मध्ये आलेल्या या एडिटरला असेंब्ली मुळात येत नाही. फाइल उघडली तर साधा मजकूर दिसतो. एक्स८६ साठी आणि आर्मसाठी वेगवेगळी एक्स्टेन्शन्स घ्यावी लागतात. सूचनेची माहिती आणि लेबलच्या जागा दाखवणारा एएसएम-एलएसपी हा लँग्वेज सर्व्हरही आहे. तो निओविम, हेलिक्स आणि ईमॅक्सलाही जोडता येतो, म्हणजे हा फायदा एकट्या व्हीएस कोडचा नाही. व्हीएस कोडची खरी ताकद दोन ठिकाणी दिसते. पहिली म्हणजे विंडोजवर बसून विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, काम करता येतं: खिडकी विंडोजची, पण नॅसम, लिंकर आणि जीडीबी लिनक्सचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ६४ बिटी नॅसमची प्रात्यक्षिकं लिनक्सवर करावी लागतात आणि घरी लॅपटॉपवर विंडोज असतं. त्यांच्यासाठी याहून सोयीची वाट मला दिसत नाही. दुसरी ताकद डीबगिंगची, आणि इथे एक सेटिंग ठाऊक नसल्यानं अनेकजण अडतात. असेंब्लीच्या फाइलमध्ये ओळीच्या डावीकडे क्लिक केलं तरी लाल ठिपका उमटत नाही. सेटिंगमध्ये ब्रेकपॉइंट सर्वत्र लावू देण्याचा पर्याय शोधून सुरू करायचा, आणि नॅसमला डीबगची माहिती ड्वॉर्फ स्वरूपात घालायला सांगायचं. मग प्रत्येक सूचनेवर थांबता येतं आणि रजिस्टरं बाजूला उलगडतात.

त्याचं ओझं मात्र नाकारता येत नाही. ज्या संगणकावर ४ जीबी मेमरी आहे, ब्राउझर उघडा आहे आणि शेजारी डब्ल्यूएसएल चालू आहे, तिथे व्हीएस कोड रखडतो. अशा वेळी जीनी घ्यावा. तो तिन्ही प्रणालींवर मिळतो, काही क्षणांत उघडतो, आणि एफ८ ला नॅसमची, एफ९ ला लिंकरची, एफ५ ला प्रोग्राम चालवण्याची आज्ञा एकदा बांधून दिली की पुन्हा पाहावं लागत नाही. सॅसमच्या उलट, इथे त्या आज्ञा विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेल्या असतात. लहान प्रोग्रामांसाठी जीनीला मिळते त्यापेक्षा जास्त दाद मिळायला हवी. केडीईचा केट हाही तितकाच सभ्य. नॅसम, ग्नू आणि एव्हीआर अशा बोली तो वेगवेगळ्या ओळखतो आणि मेनूतून बोली बदलू देतो. सब्लाइम टेक्स्ट वेगवान आहे, पण विकत घ्यावा लागतो आणि असेंब्लीसाठी त्यात खास काही नाही. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. जुन्या याद्यांत त्याचं नाव दिसलं तर पुढे जा.

मॅकवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. २०२० पासून ॲपलच्या संगणकांत आर्मची चिप आहे. नॅसम फक्त एक्स८६ साठी आहे, त्यामुळे त्यात लिहिलेला प्रोग्राम अशा मॅकवर ॲपलच्या रोझेटा या भाषांतर करणाऱ्या सोयीतून चालतो आणि ती सोय मर्यादित करण्याचं ॲपलनं २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. मॅकवर लिनक्सचे सिस्टीम कॉल क्रमांक चालत नाहीत, आणि सीमधून हाक मारायच्या लेबलांपुढे अधोरेखा लावावी लागते. इथे एडिटर बदलून काही होत नाही. एक्स८६ हा अभ्यासक्रमाचा भाग असेल तर दूरच्या लिनक्स संगणकावर काम करावं, आणि नसेल तर सरळ आर्मची असेंब्ली शिकावी; क्लँग हा कंपायलर आणि एलएलडीबी हा डीबगर ॲपलच्या कमांड लाइन साधनांसोबत मिळतातच.

प्रणाली बदलताना फाइलच घात करते, अशाही काही जागा आहेत. जीसीसीच्या जगात लहान लिपीतला डॉट एस आणि मोठ्या लिपीतला डॉट एस यांत फरक आहे: मोठ्या अक्षराची फाइल आधी सीच्या प्रीप्रोसेसरमधून जाते. विंडोज आणि मॅकची फाइल व्यवस्था मुळात हा भेद मानत नाही. त्यामुळे सीच्या फाइलचं असेंब्ली रूप पाहायला म्हणून जीसीसीला सांगितलं, आणि त्याच नावाची हातानं लिहिलेली मोठ्या अक्षराची फाइल शेजारी असली, तर ती पुसून तिच्या जागी कंपायलरचा मजकूर बसतो. टॅबचंही तसंच. असेंब्लीचे रकाने परंपरेनं आठ जागांच्या टॅबवर बसवलेले असतात. एडिटरनं टॅब चार जागांचा धरला की पान विस्कटतं. वैतागून सगळीकडे टॅबऐवजी स्पेस असं ठरवलं तर मेकफाइल मोडते, कारण तिला टॅबच लागतो. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची छोटी फाइल ठेवून कोणत्या फाइलला कोणता नियम हे एकदाच लिहावं. बहुतेक एडिटर ती थेट किंवा प्लगिननं पाळतात.

मराठीत टिप्पण्या लिहाव्यात का? जरूर लिहाव्यात, नॅसमला त्यानं काही अडत नाही. फक्त टर्मिनलमधल्या एडिटरांत जोडाक्षरांची रुंदी नीट मोजली जात नाही आणि कर्सर भलत्या जागी उभा राहतो, म्हणून अशी टिप्पणी सूचनेच्या शेजारी न लिहिता स्वतंत्र ओळीवर लिहावी. फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम खुणेशिवाय साठवावी, कारण काही असेंब्लर त्या खुणेपाशीच अडतात. आणि प्रोग्राममधून नमस्कार हा शब्द छापून बघाच. आपल्याला चार अक्षरं दिसतात, यूनिकोड त्यात सात चिन्हं मोजतं, आणि नॅसमनं काढलेली लांबी येते २१ बाइट. अक्षर म्हणजे एक बाइट हा समज मोडायला असेंब्लीइतकी चांगली जागा नाही.

एक काम कोणताही एडिटर करत नाही. विंडोजवर फंक्शनचे पहिले चार आर्ग्युमेंट आरसीएक्सपासून सुरू होतात आणि हाक मारण्याआधी स्टॅकवर ३२ बाइट मोकळे सोडावे लागतात. लिनक्सवर सहा आर्ग्युमेंट रजिस्टरांतून जातात आणि सुरुवात आरडीआयपासून होते. या दोन पद्धतींची गल्लत झाली तर ती चूक लाल रेघेनं कुणी दाखवत नाही. ती फक्त डीबगरमध्ये सापडते, म्हणून माझ्या क्रमात डीबगर एडिटरच्या आधी आहे.

या सत्रात सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला: विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, त्यात नॅसम आणि जीडीबी, वर व्हीएस कोड, संगणक अशक्त असेल तर जीनी. आणि शिकवणाऱ्यांना विनंती अशी, की पहिल्या प्रात्यक्षिकाला विद्यार्थ्यांच्या हाती एक तयार फोल्डर द्या: चालणारा एक प्रोग्राम, त्याची मेकफाइल, एडिटरकॉन्फिग आणि डीबगरची सेटिंग. त्यावर कोणत्या एडिटरमध्ये लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, पण जीडीबीत रजिस्टर वाचून दाखवल्याशिवाय प्रात्यक्षिकावर सही करू नका.